न मागितलेली पत

कर्ज मागायला जावे लागते, ही महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची कित्येक पिढ्यांची समजूत. पतपेढीचे सभासद व्हायचे, शेअर घ्यायचे, अर्जात कारण लिहायचे, ओळखीतले दोन जामीनदार गाठायचे, पगाराचे दाखले जोडायचे आणि संचालक मंडळाच्या बैठकीची वाट पाहायची. या रिवाजात त्रास होता, ओशाळेपण होते, कधी वशिलाही चाले. पण एक गोष्ट त्यात आपोआप होऊन जाई. कर्ज कशासाठी हवे आणि ते फिटणार कसे, याचा विचार मागणाऱ्याला, निदान जामीनदाराला पटवण्यापुरता तरी, करावाच लागे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मोबाइलवर येणाऱ्या प्री-अप्रूव्हड क्रेडिट कार्डांच्या ऑफरींनी हा क्रम उलटा केला आहे. आता मंजुरी आधी येते, लिमिटचा आकडा आधी येतो आणि गरज मागाहून शोधली जाते. ‘ऋण काढून सण’ करणाऱ्याला पूर्वी निदान ऋण काढण्याचे कष्ट तरी पडत.

माझे म्हणणे असे की या ऑफरची खरी किंमत ऑफरमध्ये लिहिलेली नसते. दर महिन्याचे बिल पुरते भरले जाते की नाही, यावरून ती ठरते. तेच कार्ड, तेच लिमिट, तेच पॉइंट एका कुटुंबाला वर्षाकाठी दोन-चार हजारांचा फायदा देतात आणि शेजारच्या कुटुंबाच्या गळ्यात शेकडा पन्नासच्या घरातले कर्ज बांधतात. आपण यांतल्या कुठल्या बाजूला पडू, याचा अंदाज बँकेला हजारो ग्राहकांच्या नोंदींवरून बांधता येतो. आपल्याला तो स्वतःबद्दल बांधणे फार अवघड जाते. शिवाय ऑफर लिहिलेली असते ती आपण पहिल्या कुटुंबातलेच आहोत असे वाटावे अशा बेताने. म्हणून तपासणी ऑफरमधल्या सवलतींपासून सुरू करण्यात अर्थ नाही. ती स्वतःच्या गेल्या वर्षभराच्या खातेउताऱ्यापासून सुरू झाली पाहिजे.

ही मंजुरी तयार कशी होते ते आधी पाहू. आपला पगार कोणत्या तारखेला जमा होतो, महिनाअखेर खात्यात काय उरते, मुदत ठेवी किती आहेत, कुठले हप्ते कापले जातात, हे आपल्या बँकेला ठाऊक असते. त्याला जोड मिळते पतमाहिती कंपन्यांची. २००५ च्या कायद्याखाली देशात अशा चार कंपन्या काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. ३०० ते ९०० मधल्या ज्या आकड्याला लोक सरसकट ‘सिबिल’ म्हणतात तो यांच्याकडून येतो. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्याला कळवावी लागते, म्हणजे चित्र पूर्वीपेक्षा ताजे असते. बँक ग्राहकांच्या यादीला उत्पन्न, स्कोअर, थकबाकी अशा चाळण्या लावते आणि जे उरतील त्यांना एकगठ्ठा संदेश धाडते. या चाळणीने आपल्या स्कोअरला धक्का लागत नाही. मात्र ‘अर्ज करा’ या बटणावर बोट पडले की बँक रीतसर चौकशी करते, ती चौकशी पत अहवालात नोंदली जाते आणि पुढे घरकर्जासाठी ज्या बँकेत जाऊ तिलाही ती दिसते. थोड्या अवधीत अशा चार चौकश्या झाल्या तर हा माणूस पैशासाठी धावाधाव करतो आहे, असा अर्थ लावला जातो. तेव्हा ऑफर नुसती वाचणे आणि ‘बघू तरी’ म्हणून बटण दाबणे, यांत मोठे अंतर आहे.

बरे, बटण दाबल्यावर कार्ड मिळेलच असेही नाही. उत्पन्नाचा पुरावा पटला नाही, मधल्या काळात दुसरे कर्ज घेतले गेले, पत्ता जुळला नाही, तर ‘मंजूर’ झालेला अर्ज नाकारला जातो. अमेरिकेत याबाबत कायदा काटेकोर आहे. तिथल्या पतमाहितीविषयक कायद्यानुसार बँकेने पतमाहिती कंपनीकडून निवडक नावांची यादी घेतली, तर त्या लोकांना तिने पक्का प्रस्ताव द्यावा लागतो. ज्या निकषांवर नाव निवडले ते ग्राहक पुरे करत असेल तर मन मानेल तसे मागे फिरता येत नाही. अशा याद्यांतून आपले नाव कायमचे वगळण्याची सोयही तिथल्या नागरिकाला आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने कार्डांविषयी सविस्तर निर्देश दिले आहेत, अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवावे असेही त्यांत आहे, पण प्री-अप्रूव्हड म्हणून पाठवलेल्या संदेशाने बँक कशाला बांधली जाते, हे त्यांत ठरवलेले नाही. कायद्याच्या दृष्टीने आपल्या हाती आलेली वस्तू ही नेमकी नेम धरून केलेली जाहिरात आहे. तिला प्रशस्तिपत्र समजण्याची चूक फार लोक करतात, आणि ‘अभिनंदन’ या शब्दाने सुरू होणारा मजकूर त्या चुकीला खतपाणी घालतो.

बँक नेमके काय तपासते, हेही समजून घेतले पाहिजे. तिचे प्रश्न दोन: पैसे परत येतील का, आणि या माणसापासून कमाई होईल का. आपल्याला कार्डाची गरज आहे का, आपल्या घरखर्चाला ते मानवेल का, हा प्रश्न तिच्या चाळणीत कुठेच नाही; तो तिने विचारावा अशी अपेक्षाही भाबडी ठरेल. कार्डातून बँकेची कमाई तीन वाटांनी होते. दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारामागे मिळणारा वाटा, वार्षिक व दंडात्मक शुल्के, आणि न फिटलेल्या रकमेवरचे व्याज. वेळच्या वेळी पूर्ण बिल भरणारा ग्राहक बँकेला पहिल्या वाटेचे थोडे पैसे मिळवून देतो आणि त्यांतलेही बरेच पॉइंट-कॅशबॅकच्या रूपाने परत नेतो. जो बुडवत नाही पण पुरते फेडतही नाही, त्याच्याकडून व्याज येत राहते. म्हणजे एकाच्या कॅशबॅकचा काही भार दुसऱ्याच्या व्याजावर पडलेला असतो. हे कारस्थान नव्हे, व्यवसायाची रचनाच तशी आहे. पण ती ठाऊक असल्याशिवाय ऑफर वाचू नये.

न मागितलेली पत वाटण्याचा प्रयोग जुना आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे टपालाने घरोघर पाठवून दिली. कोणी अर्ज केला नव्हता, कोणाची चौकशी झाली नव्हती. चार टक्के खाती थकतील असा बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात २२ टक्के थकली आणि कार्डांच्या चोऱ्या-लबाड्या झाल्या त्या वेगळ्याच. तरीही व्यवसाय म्हणून कल्पना टिकली, कारण जे फेडत होते त्यांच्याकडून मिळणारे उत्पन्न नुकसान भरून काढणारे होते. पुढे इतर बँकांनीही देशभर कार्डांचा पाऊस पाडला आणि अखेर १९७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी घातली. मग कार्डाची जागा मंजुरीच्या पत्राने घेतली. आज आपल्या फोनवर येणारा संदेश हा त्याच पत्राचा वंशज.

भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणले. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या कार्डांची संख्या १० कोटींपलीकडे गेली. या वाढीबरोबर तक्रारीही आल्या आणि रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले ते ग्राहकाच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहेत. संमतीशिवाय कार्ड देता येत नाही, आहे ते कार्ड वरच्या श्रेणीचे करता येत नाही, लिमिट वाढवता येत नाही. न मागितलेले कार्ड सुरू करून त्याचे बिल लावले तर बँकेने ती रक्कम मागे घ्यायची आणि शिवाय तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. अशा कार्डाचा गैरवापर झाला तर नुकसान बँकेचे. दिलेले कार्ड ३० दिवसांत वापरात आले नाही तर ते सुरू करण्यासाठी ओटीपीने संमती घ्यायची. ती मिळाली नाही तर सात कामकाजी दिवसांत खाते विनाखर्च बंद करायचे. फोन करून कार्ड गळ्यात मारणाऱ्यांनी सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेतच फोन करायचा. फुकट म्हणून दिलेल्या कार्डावर छुपी शुल्के लावायची नाहीत. हे सगळे नियम चांगले आहेत, आणि ते ग्राहकांना फारसे माहीत नसतात याची खंत वाटते. पण त्यांची राखण नीट पाहिली तर ती संमतीच्या क्षणापर्यंतची आहे. ओटीपी टाकला की संमती झाली. त्यानंतर कार्ड महाग पडले तर तो आपला करार.

आणि महाग म्हणजे किती, यावर आता वरची मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जुलै २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदराचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, आयोगाचे नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका. बँकांचा प्रचलित दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ‘साडेतीन’ हा आकडा कानाला किरकोळ लागतो. वर्षाचा हिशेब केला तर तो ४२ टक्के होतो, व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला तर सुमारे साडेएकोणपन्नास. घरकर्जात अर्ध्या टक्क्यासाठी तीन बँका पालथ्या घालणारे कुटुंब इथे हा आकडा न विचारता सही करते. मला ही विसंगती सगळ्यांत काळजीची वाटते.

हिशेब करून पाहू. समजा, दिवाळीत एक लाख रुपयांची खरेदी झाली, ती थकीत राहिली आणि नंतर कार्ड कपाटात ठेवून दिले. दर महिन्याला स्टेटमेंटवर छापलेली किमान रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू, इमानाने भरली; ती थकबाकीच्या पाच टक्के धरू. व्याज साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी. अशा रीतीने बारा महिने एकही दिवस न चुकता भरले तर खिशातून सुमारे ५८,९०० रुपये जातात. आणि वर्षाअखेर शिल्लक कर्ज उरते सुमारे ८७,८०० रुपये. जवळजवळ एकोणसाठ हजार भरून मुद्दल बारा हजारांनी हलते. या काळात कोणी वसुलीचा फोन करत नाही, स्कोअरवर थकबाकीदाराचा शिक्का बसत नाही, उलट ‘तुमचे लिमिट वाढवण्यास आपण पात्र आहात’ असा संदेश येण्याचीच शक्यता जास्त. किमान रक्कम भरल्याने परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि चक्रवाढ व्याज पडते, असा इशारा बँकांनी ग्राहकाला द्यावा हे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. तो दिलाही जातो, अटींच्या लांबलचक मजकुरात.

दुसरा हिशेब त्याहून कमी लोकांना ठाऊक असतो. बिनव्याजी मुदत, ते जाहिरातीतले ‘४५ ते ५० दिवस’, पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी असते. १ नोव्हेंबरला ५०,००० रुपयांची वस्तू घेतली, २० तारखेला स्टेटमेंट निघाले, १० डिसेंबर ही शेवटची तारीख. त्या दिवशी ४५,००० भरले. पाच हजार पुढच्या महिन्यात देऊ म्हटले. सामान्य माणूस समजतो की व्याज पाच हजारांवर लागेल. सर्वसाधारण पद्धतीप्रमाणे ते लागते पूर्ण ५०,००० वर, आणि खरेदीच्या दिवसापासून. ३९ दिवसांचे हे व्याज, पुढचे दहा दिवस उरलेल्या पाच हजारांवरचे व्याज आणि जीएसटी मिळून २० डिसेंबरच्या स्टेटमेंटमध्ये सुमारे २,७०० रुपये लागतात. पाच हजार रुपये दहा दिवस मागे ठेवण्याची ही किंमत. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दूध-भाजीच्या व्यवहारालाही त्याच दिवसापासून व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बिनव्याजी मुदतीचा प्रश्नच येत नाही, व्याज आणि वेगळे शुल्क पहिल्या दिवसापासून.

यावर कोणी म्हणेल, ‘हे बेशिस्त लोकांचे झाले, आम्ही तसे नाही.’ हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो खरा असणारी माणसे पुष्कळ आहेत. अडचण अशी की कार्ड घेताना जवळजवळ प्रत्येकाला तो स्वतःच्या बाबतीत खरा वाटतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स ऑसुबेल यांनी १९९९ च्या सुमारास एका मोठ्या कार्ड कंपनीने टपालाने पाठवलेल्या प्री-अप्रूव्हड ऑफरींचा अभ्यास केला. सुरुवातीच्या काही महिन्यांचा सवलतीचा दर आणि त्याची मुदत वेगवेगळी ठेवून या ऑफरी गेल्या होत्या. लोक सुरुवातीच्या कमी दराला भुलत आणि सवलत संपल्यावर लागणाऱ्या दराकडे काणाडोळा करत, असे दिसले. नंतर आपण उसने ठेवणार नाही, हा त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज चुकत होता. डेव्हिड ग्रॉस आणि निकोलस सूलेलेस यांचा २००२ चा अभ्यास लिमिटविषयी आहे. लिमिट वाढवले की त्यातला एक भाग, सरासरीने १० ते १४ टक्के, कर्जात रूपांतरित झाला, आणि जुन्या लिमिटच्या जवळपासही न पोचलेल्या लोकांतही वाढ दिसली. न वापरलेले लिमिट निरुपद्रवी असते, ही आपली समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. वॉरिक विद्यापीठाचे नील स्टुअर्ट यांनी दाखवले की बिलावर किमान रक्कम छापलेली असणे हेच लोकांना कमी भरायला प्रवृत्त करते; ज्यांना पूर्ण भरणे जमणार नसते त्यांची भरणा रक्कम त्या छापील आकड्याकडे ओढली जाते. ही माणसे उधळी नव्हती. छापील आकडा मनाला धरतो, एवढेच.

हे अभ्यास परदेशातले, आपल्याकडची माणसे काटकसरी, असाही एक मुद्दा निघतो. आपल्या घराघरांत बचतीची सवय आहे हे खरेच. पण ती सवय रोखीच्या आणि पासबुकाच्या व्यवहारांत घडलेली आहे, आणि व्यवहाराची जागाच बदलते आहे. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. म्हणजे पूर्वी जे कार्ड मोठ्या दुकानात किंवा विमानाच्या तिकिटासाठी बाहेर निघे, ते आता किराणावाल्याच्या क्यूआरवर चालते, आणि बचत खात्यातून पैसे गेले की कार्डावरून, हे फोनवरच्या एका निवडीने ठरते. खात्यातली शिल्लक घटताना दिसत होती तोवर हाताला लगाम होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या प्रेलेक व सिमेस्टर यांच्या २००१ च्या प्रयोगात बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोखीने देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली होती. काटकसरी माणसाच्या काटकसरीचा आधारच पैसे जाताना जाणवण्यात असतो. रिझर्व्ह बँकेलाही या प्रकारच्या विनातारण कर्जाची काळजी वाटली, म्हणून तर नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरचा जोखीमभार, म्हणजे अशा कर्जामागे राखायच्या भांडवलाचे माप, १२५ वरून १५० टक्क्यांवर नेला.

दुसरा आक्षेप तरुणांचा आहे आणि तो मला निम्मा मान्य आहे. कधीच कर्ज घेतले नसेल तर स्कोअर नसतो, स्कोअर नसेल तर पहिले घरकर्ज मिळताना अडचण येते. मग कार्ड नको तर पत उभी करायची कशी? उत्तर असे की त्यासाठी एक कार्ड पुरते आणि ते कोणते याने फारसा फरक पडत नाही. मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा त्यातला सगळ्यांत सुरक्षित मार्ग. लिमिट ठेवीच्या आत राहते आणि भरणा तसाच नोंदला जातो. विजेचे बिल, रेल्वेचा पास असे ठरलेले दोन खर्च त्यावर टाकून खात्यातून पूर्ण रकमेची आपोआप कपात लावून दिली की काम होते. पत वाढते ती वेळेवर फेडण्याने. पाच बँकांची पाच कार्डे जमवल्याने उलट चौकश्यांची रांग लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्याच्याकडे तारण नाही, जामीनदार नाही, त्याला अडीअडचणीला कार्ड हे सावकारापेक्षा बरे नव्हे काय? दवाखान्यात भरती करताना अनामत मागतात तेव्हा लिमिट असलेले कार्ड खरोखर उपयोगी पडते, यात शंका नाही. मात्र ते पडते पैसे ताबडतोब भरण्यासाठी. ते पैसे नंतर वर्षभर त्याच कार्डावर ठेवणे हा वेगळा निर्णय आहे, आणि दोन्ही निर्णय एकाच क्षणी झाले असे आपण समजून चालतो. कार्डाने दवाखान्याचे बिल भरल्यावर हाती महिनाभर असतो. त्या महिन्यात मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, सोनेतारण, पतसंस्थेचे कर्ज, कार्यालयातली उचल यांपैकी काही उभे करून कार्ड पुरते फेडता येते. ठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच महाग असतो. ठेव मोडायची नाही म्हणून सात टक्के कमावणारी ठेव जपणारी आणि शेजारीच ४२ टक्क्यांचे कर्ज वाहणारी घरे आहेत. ग्रॉस आणि सूलेलेस यांना अमेरिकेतही नेमके हेच दिसले होते. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याला कार्ड सावकारापेक्षा बरे असू शकते, एवढे मी मान्य करतो. पण तशा माणसाला दीड लाखाच्या लिमिटची ऑफर सहसा जात नाही, कारण चाळणीतून तो आधीच गळालेला असतो.

मग हाती आलेली ऑफर पारखायची कशी? खातेउतारा समोर ठेवून गेल्या वर्षातले किती महिने पगाराच्या आधी शिल्लक तळाला गेली ते पाहावे. वर्षातून तीन-चारदा तसे झाले असेल तर कार्डावरचे बिलही तितक्याच वेळा अपुरे भरले जाईल असे धरून चालावे, आणि मग वरच्या २,७०० रुपयांच्या हिशेबासारखा हिशेब कॅशबॅकच्या शेजारी मांडावा. तो जमत असेल तर पुढचे वाचन. अर्जासोबत एका पानाचे मुख्य तथ्यपत्रक देणे बँकेवर बंधनकारक आहे. व्याजदर आणि शुल्के त्यात असतात. ‘पहिले वर्ष मोफत’ आणि ‘लाइफटाइम फ्री’ यांत फरक आहे. वार्षिक शुल्क ९९९ असेल तर जीएसटीसह ते १,१७९ पडते, आणि एक टक्का परतावा देणाऱ्या कार्डावर ते वसूल व्हायलाच जवळपास १,१८,००० रुपये खर्चावे लागतात. ‘इतका खर्च केलात तर शुल्क माफ’ ही अट असेल तर तो खर्च कार्ड नसतानाही झालाच असता का, हे विचारावे. नसता झाला, तर माफी महागात पडली. पॉइंट कशावर मिळत नाहीत आणि कधी बाद होतात, परकीय चलनातल्या खरेदीवर किती टक्के जादा, हे बघावे. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ दिसला तर थांबावे. व्याज असलेली हप्तेबंदी बिनव्याजी म्हणून खपवू नये असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत, आणि सवलत दुकानदाराने दिली की बँकेने, रोख घेतले तर किंमत किती, हा प्रश्न दुकानातच विचारता येतो. देऊ केलेले लिमिट घेतलेच पाहिजे असे नाही. महिन्याच्या खर्चाएवढे ठेवायला सांगता येते. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करण्याची सोय प्रत्येक कार्डाला असते, ती पहिल्याच दिवशी पाहून घ्यावी.

ऑफर खरोखर बँकेचीच आहे का, हा प्रश्न तर सगळ्याच्या आधीचा. ‘तुमचे कार्ड मंजूर झाले, ॲक्टिव्हेट करण्यासाठी ओटीपी सांगा’ या एका वाक्यावर किती निवृत्तांच्या ठेवी रिकाम्या झाल्या असतील! संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवूच नये. खरी ऑफर असेल तर ती बँकेच्या ॲपमध्ये किंवा स्वतः टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावरही दिसते. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आली आहेत, ती खूण लक्षात ठेवावी. फसवणूक झाली तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा. नको असलेले विक्रीचे फोन १९०९ वर नोंद करून थांबवता येतात. पत अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. आपल्या नावावर न मागितलेले कार्ड निघाले आहे का, हे त्यात उघड होते.

घेतलेले कार्ड नकोसे झाले तर पूर्ण बाकी भरून बंद करण्याची विनंती करावी. सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे आहेत. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

पण सगळा भार ग्राहकाच्या जागरूकतेवर टाकणे मला पटत नाही. चाळणी लावणाऱ्याकडे लाखो खात्यांचा हिशेब असतो आणि संदेश वाचणाऱ्याकडे लोकलमधली पाच मिनिटे. दोन बदल रिझर्व्ह बँकेने करावेत. पाठवलेली मंजुरी ठरावीक मुदतीपर्यंत, जाहीर निकषांवर, बँकेवर बंधनकारक असावी. म्हणजे अंदाधुंद ‘अभिनंदने’ आपोआप कमी होतील. आणि ज्या स्क्रीनवर लिमिटचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो त्याच स्क्रीनवर, तेवढ्याच अक्षरांत, त्या लिमिटच्या कर्जाचा महिन्याचा खर्च असावा. दीड लाखाचे लिमिट असेल आणि ते पुरते वापरून थकले, तर साडेतीन टक्के दराने व्याज आणि कर मिळून महिन्याला सुमारे ६,२०० रुपये. बँका म्हणतील की ग्राहक घाबरेल. इशारा त्यांना आजही द्यावाच लागतो. मागणी आहे ती त्याला अटींच्या शेवटच्या पानांतून उचलून बटणाच्या वर आणण्याची.